आबांचं पंपिंग २८ टक्के, बायपास करायची की नाही?

डॉक्टर, नमस्कार.
माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत. कागल तालुक्यात गावी असतात. साखर कारखान्यातून निवृत्त झाले, आता दोन एकर ऊस आणि तीन म्हशी एवढा त्यांचा पसारा. मागच्या दिवाळीत छातीत दुखलं तेव्हा ॲसिडिटी समजून घरीच थांबले. तो अटॅक होता हे आता कळलं. हल्ली चढण आली की दम लागतो, छातीत दाबल्यासारखं होतं, बसलं की थांबतं. इकोत पंपिंग २८ टक्के आलं. अँजिओग्राफीत तिन्ही नसांत ब्लॉक आहेत. शुगर दहा वर्षांपासून आहे. एक सर्जन म्हणाले, 'रिस्क आहे, पण बायपास करायला हवी.' दुसरे डॉक्टर म्हणाले, 'एवढ्या कमी पंपिंगवर ऑपरेशन नको, गोळ्यांवर ठेवा.' भावजी म्हणतात, 'चिरफाड कशाला, स्टेंट टाकून घ्या.' भाऊ पुण्याला न्यायचं म्हणतो. आमच्या भावकीतले एक काका बायपासनंतर आठव्या दिवशी गेले, तेव्हापासून आईनं धसका घेतलाय. आबांना आम्ही 'थोडं ब्लॉकेज आहे' एवढंच सांगितलंय. ते म्हणतात, ऊस तुटून गेला की बघू. पुढच्या आठवड्यात सर्जनना उत्तर द्यायचंय. काय करू?
– एक लेक, कोल्हापूर

ताई,

तुमच्या पत्रात दोन डॉक्टरांचं, भावजींचं, भावाचं, आईचं, सगळ्यांचं मत आहे. आबांचं तेवढं नाही. त्यावर मी येणार आहे, पण आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देतो. तिन्ही नसांचे ब्लॉक, जुना मधुमेह, ६३ वय, कमी पंपिंग आणि अजून हिंडता-फिरता माणूस, हे सगळं धरलं तर माझा कल बायपासकडे आहे. मी सर्जन नाही, फिजिशियन आहे, आणि आबांना मी तपासलेलं नाही. म्हणून याला कल म्हणतोय, निर्णय नाही. हा कल कशावरून झाला आणि कुठल्या गोष्टी कळल्या तर तो बदलेल, ते सविस्तर लिहितो. पुढच्या आठवड्यात सर्जनसमोर बसाल तेव्हा त्याचा उपयोग होईल.

पहिलं त्या २८ बद्दल. ऐकल्यावर घरातल्या प्रत्येकाला वाटतं की हृदयाचा ७२ टक्के भाग गेला. तसं नसतं. डावा कप्पा रक्तानं भरल्यावर त्यातलं किती रक्त एका ठोक्याला पुढे ढकललं जातं, त्याचं ते प्रमाण आहे. धडधाकट माणसातही ते ५५ ते ७० च्या दरम्यान असतं. शंभर कुणाचंच नसतं. म्हणजे आबांचं हृदय नेहमीच्या निम्म्या ताकदीनं चाललंय असं धरा. ही गोष्ट गंभीर आहेच, पण तुम्ही मनात धरून बसलात तेवढी शेवटची नाही. आणि इको करणारा बदलला की या आकड्यात पाच-सातचा फरक सहज पडतो, त्यामुळे पुढच्या वेळी २५ किंवा ३२ आलं म्हणून लगेच रडू नका नि हरखूनही जाऊ नका.

आता बायपासचं, म्हणजे ब्लॉकला वळसा घालून दुसरी नस जोडायच्या ऑपरेशनचं. कमजोर हृदयाच्या माणसाची बायपास करावी की नुसत्या औषधांवर ठेवावं, या प्रश्नावर मोठा अभ्यास झालेला आहे. त्याचं नाव स्टिच. २००२ ते २००७ या काळात २२ देशांतले १,२१२ पेशंट त्यात घेतले. सगळ्यांचं पंपिंग ३५ किंवा त्याखाली, सगळ्यांच्या नसा बायपास करता येण्याजोग्या, आणि मधलं वय साठच्या आसपास, म्हणजे तुमच्या आबांसारखीच ही माणसं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला औषधं अधिक बायपास, दुसऱ्याला फक्त औषधं.

२०११ मध्ये, म्हणजे साधारण पावणेपाच वर्षांचा हिशेब झाल्यावर, औषधांच्या गटातले ४१ टक्के लोक गेले होते आणि बायपासच्या गटातले ३६ टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं तेव्हा शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हापासून बऱ्याच डॉक्टरांच्या मनात 'कमी पंपिंगमध्ये बायपासचा फारसा फायदा नाही' असं बसलं. पण त्याच पेशंटांचा पाठपुरावा पुढे चालू राहिला. २०१६ मध्ये दहा वर्षांचा हिशेब आला. औषधांच्या गटात ६६ टक्के मृत्यू, बायपासच्या गटात ५९ टक्के, आणि हा फरक योगायोगाचा नव्हता. साधारण चौदा जणांची बायपास केली तर दहा वर्षांत एक मृत्यू टळतो, असं त्यातून निघतं. निम्मा गट हयात राहण्याचा काळ बायपासनं जवळजवळ दीड वर्षानं वाढला. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पंपिंग ३५ च्या खाली आणि एकाहून जास्त नसांचा आजार असलेल्या, बायपासला योग्य पेशंटसाठी याच आधारावर बायपासची ठाम शिफारस केली आहे.

हे आकडे वाचून तुम्हाला धस्स झालं असेल. बायपास करूनही दहा वर्षांत शंभरातले एकोणसाठ? हो. हा आजारच तसा आहे आणि तुमच्यापासून ते लपवणं मला बरोबर वाटत नाही. मात्र एक लक्षात घ्या, त्या काळात आजची निम्मी औषधं नव्हती. त्याबद्दल खाली लिहितो.

त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या महिन्याभरात बायपासच्या गटातले ४ टक्के लोक गेले, औषधांच्या गटातला १ टक्का. म्हणजे सुरुवातीला बायपास तोट्यात होती. साधारण दोन वर्षांनंतर पारडं फिरलं आणि पुढे फरक वाढत गेला. आबांना हे सांगायचं झालं तर आडसाली उसाचं उदाहरण द्या. बेणं, खत, मजुरी सगळं आधी घालायचं आणि पट्टी दीड वर्षानं बघायची. बायपासचा धोका पहिल्या काही आठवड्यांत एकरकमी पत्करायचा असतो, आणि फायदा मिळतो तो पुढच्या वर्षांमध्ये.

म्हणून 'ऑपरेशनमधून उठतील ना?' एवढाच प्रश्न विचारून थांबू नका. दुसराही प्रश्न विचारा: फायदा मिळायला जी चार-पाच-दहा वर्षं लागतात, तेवढी वर्षं बाकीचं शरीर साथ देईल का? त्या अभ्यासातही वय जितकं कमी तितका एकूण आयुष्याचा फायदा ठळक होता. वय वाढेल तसे लोक इतर आजारांनीही जातात, त्यामुळे फायदा कमी दिसतो. तिन्ही नसांचा आजार, फारच कमी पंपिंग आणि ताणून मोठं झालेलं हृदय, यातल्या दोन किंवा तिन्ही गोष्टी ज्यांना होत्या त्यांना बायपासचा फायदा जास्त झाला. हे वाचल्यावर तुमच्या लक्षात येईल की 'पंपिंग कमी आहे, म्हणून बायपास नको' हे एवढंच कारण असेल तर ते पुरेसं नाही. पंपिंग सगळ्यांचंच कमी होतं.

पण याचा अर्थ ते दुसरे डॉक्टर चुकले असा लगेच घेऊ नका. त्यांच्याकडे परत जा आणि नेमकं विचारा, 'आबांच्या बाबतीत तुम्हाला कशाची भीती वाटते?' किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं त्यांनी पाहिलं असेल. जुन्या मधुमेहात नसा शेवटपर्यंत बारीक होतात, नवी नस जोडायला जागाच राहत नाही. अँजिओग्राफीच्या सीडीत त्यांना तसं दिसलं असेल. फुप्फुसं तंबाखू-विडीनं खराब असतील, पूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल, हृदयाची झडप गळत असेल. यातलं काही असलं तर धोका ४ टक्क्यांवर थांबत नाही, तो कितीतरी वाढतो आणि माझा कलही बदलेल. सर्जनकडे धोका मोजायचं एक कोष्टक असतं. वय, किडनी, शुगर, पंपिंग घातलं की ते टक्केवारी देतं. 'आबांची टक्केवारी किती येते?' असं सरळ विचारा. चांगल्या सर्जनना या प्रश्नाचा राग येत नाही.

चालण्याचंही विचारा. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, अशी साधी चाचणी दवाखान्यात करतात. स्टिच अभ्यासात ज्यांना ३०० मीटरपर्यंत चालता येत होतं, त्यांना बायपास जास्त मानवली. जे तेवढंही चालू शकत नव्हते, त्यांना सुरुवातीचा धोका मोठा होता. ही चाचणी घरी करायची नाही, आबांना बांधावरून पळवून तर मुळीच बघायचं नाही. ते एरवी गोठ्यापासून रस्त्यापर्यंत न थांबता जातात का, आंघोळ करताना दम लागतो का, रात्री किती उशा घेऊन झोपतात, एवढं आईला विचारून कागदावर लिहून न्या. अशा टिपणातून डॉक्टरला खूप कळतं.

एक चाचणी तुम्हाला कदाचित सुचवली जाईल, हृदयाचा स्नायू जिवंत आहे की मेला, हे बघणारी. अटॅकनंतर काही भागाचा व्रण होतो आणि काही भाग रक्त कमी पडल्यामुळे नुसता गळून बसलेला असतो. रक्त पोचलं की तो पुन्हा काम करू शकतो, ही कल्पना बरोबर आहे. पण 'जिवंत स्नायू दिसला तरच बायपासचा फायदा' असं सरळ गणित स्टिच अभ्यासात निघालं नाही. शिवाय ज्यांचं पंपिंग वाढलं तेच जास्त जगले, असंही दिसलं नाही. बायपास नव्या अटॅकपासून आणि अचानक येणाऱ्या मृत्यूपासून जे संरक्षण देते, त्यातच तिचा बराचसा फायदा असावा. म्हणून सहा महिन्यांनी इकोत २८ चं ३३ च झालं तर 'एवढं करून काय मिळालं?' असं म्हणू नका. आबा चढ चढताना थांबतात की नाही, ते बघा. छातीतलं दाबणं कमी होतं, माणसाला बरं वाटतं, हा बायपासचा लवकर दिसणारा गुण आहे.

भावजींच्या स्टेंटचं थोडक्यात. पंपिंग ३५ किंवा कमी असलेल्या ७०० पेशंटांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आला. औषधांबरोबर स्टेंट टाकलेले आणि नुसत्या औषधांवरचे, दोघांतही मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, ३७ आणि ३८ टक्के. ऐन अटॅकमध्ये स्टेंट जीव वाचवतो, त्यात वादच नाही. बायपासला शरीर झेपणारच नसेल आणि छातीतलं दुखणं औषधांनी हटत नसेल तर स्टेंटचा विचार होऊ शकतो. पण तिन्ही नसांचा आजार आणि मधुमेह असलेल्या, बायपास झेपेल अशा माणसाला 'चिरफाड नको' म्हणून स्टेंट, हा सौदा मला पटत नाही. तसंच 'ऑपरेशनशिवाय ब्लॉक साफ' म्हणून सलाइनमधून औषध सोडणाऱ्यांच्या जाहिराती कुणी मोबाइलवर पाठवील. त्यात पैसे आणि वेळ घालवू नका.

आता औषधांचं. घरात 'ऑपरेशन की गोळ्या' असा वाद चाललेला दिसतो. तो वादच चुकीचा मांडलाय. बायपास केली तरी गोळ्या आयुष्यभर आहेत आणि नाही केली तर त्यांच्यावरच सगळी भिस्त आहे. कमजोर हृदयासाठी आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात: सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, कार्वेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातलं पहिलं आणि शेवटचं स्टिचच्या काळात मिळतच नव्हतं. ही औषधं आयुष्य वाढवतात, पंपिंगही सुधारतात, पण छोट्या डोसपासून हळूहळू वाढवत न्यावी लागतात. मधूनमधून बीपी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. आबांच्या चिठ्ठीत चारही आहेत का बघा. एखादं नसेल तर 'का नाही?' विचारा. बीपी कमी आहे, किडनी साथ देत नाही, अशी रास्त कारणं असू शकतात. याखेरीज ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी असेलच. ऑपरेशन ठरलं तर यातल्या काही गोळ्या आधी काही दिवस थांबवायच्या असतात. शुगरसाठीही चालणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी किमान तीन दिवस आधी बंद करतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे दिवस वेगवेगळे. हे सर्जन किंवा भूलतज्ज्ञ सांगतील तसंच करायचं, आपल्या मनानं काही बंद करायचं नाही.

दोन गोष्टी खास गावाकडे घडतात म्हणून सांगतो. गुडघे दुखले की मेडिकलमधून सुटी गोळी आणायची, ती बहुतेक डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असते. ती अंगात पाणी धरते, किडनीवर ताण आणते आणि कमजोर हृदयाचा माणूस दोन दिवसांत दम लागून आयसीयूत येऊ शकतो. आबांना ती गोळी देऊ नका. दुसरं मिठाचं. खरडा, लोणचं, पापड, वरून ताकात घातलेलं मीठ, हे कमी करायलाच हवं. पण मीठ कमी करायचं म्हणून दुकानातलं 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळीबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं. आईला सांगा, कट आणि पांढरा रस्सा दोन्हींत मीठ असतं, रविवार असला तरी. तंबाखू आणि मिश्री आजच बंद.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आबांनी वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढलं तर अंगावर मांस नाही, पाणी चढलेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ही वही बायपासच्या आधीही आणि नंतरही उपयोगाची.

आता आबांबद्दल. तुम्ही काळजीपोटी लपवलंत हे मी जाणतो. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात असंच होतं, 'त्यांना कळलं तर हाय खातील'. पण 'थोडं ब्लॉकेज आहे' एवढंच ज्याला माहीत आहे, तो माणूस ऊस तुटून गेल्यावर बघू म्हणणारच. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. छाती त्यांची उघडणार, त्या पहिल्या काही आठवड्यांचा धोका त्यांचा, आणि मिळाली तर पुढची वर्षंही त्यांची. सहीचा कागदही त्यांच्यासमोरच येणार आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्सच्या तोंडून 'हाय रिस्क' ऐकण्यापेक्षा लेकीच्या तोंडून आज ऐकलेलं बरं. ज्यांना आधी नीट सांगितलेलं असतं, ते पेशंट ऑपरेशननंतर खोकायला, चालायला, फुगा फुंकायला मनापासून साथ देतात, हे मी वारंवार पाहिलंय.

कसं सांगायचं? घरात पैपाहुणे नसताना, आई शेजारी असताना. 'आबा, दिवाळीतलं ते दुखणं अटॅक होता. हृदय कमजोर झालंय. तिन्ही नसा बंद होत आल्यात. ऑपरेशन केलं तर पुढची वर्षं मिळायची शक्यता वाढते, पण ऑपरेशनमध्येच धोका आहे. नाही केलं तर गोळ्या आहेतच, पण धोका पुढे राहतो.' मग गप्प बसा. त्यांना विचारू द्या. त्यांना कशासाठी जगायचंय ते ऐका. कुणाला नातवाचं लग्न बघायचं असतं, कुणाला फक्त एवढंच हवं असतं की मरेपर्यंत स्वतःच्या पायानं शेतात जाता यावं. दोन्ही उत्तरांचा निर्णयावर परिणाम व्हायला हवा. सगळं समजून घेऊन आबा 'नको' म्हणाले तर तो नकार माना. मग चार औषधं नीट वाढवायची, तीन महिन्यांनी पुन्हा इको करायचा. उपचार संपले असं त्यात काही नाही.

आईंच्या मनातल्या काकांबद्दल: त्यांचं वय काय होतं, ऑपरेशन ठरवून झालं की अटॅकमध्ये धावपळीत, किडनी कशी होती, हे कुणाला माहीत असेल तर विचारून घ्या. बहुधा त्यांची आणि आबांची परिस्थिती वेगळी निघेल. पण आईंना 'काही होत नाही गं' असं सांगू नका. शंभरातले चार हे कुणाच्या तरी घरातले असतात, आणि त्यातलं एक घर त्यांनी जवळून पाहिलंय. त्यांनाही सर्जनसमोर बसवा, स्वतः विचारू द्या.

थांबायचं किती? ऊस तुटेपर्यंत म्हणजे महिनोन्‌महिने, ते नाही. पण उद्याच करा अशीही घाई बहुधा नसावी. अंगातलं पाणी उतरवणं, शुगर आटोक्यात आणणं, दातांची कीड-पू बघून घेणं, औषधांचा डोस बसवणं, यात दोन-तीन आठवडे गेले तर ते वाया जात नाहीत. मात्र अँजिओग्राफीत डाव्या मुख्य नसेचा (लेफ्ट मेन) ब्लॉक लिहिला असेल, किंवा बसल्या जागी, झोपेत छातीत दुखायला लागलं, तर थांबायचं नाही. रात्री-अपरात्री तसं झालं तर शेजाऱ्याची गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा. तोडीचं काम भाऊ बघेल.

पुण्याला न्यावं का? पुणं सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, आणि बायपास आता कोल्हापुरातही होते. गाव कुठलं यापेक्षा टीम कशी आहे ते बघा. सर्जनना विचारा की अशा कमी पंपिंगच्या बायपास तुमच्याकडे नेहमी होतात का, हृदयाला आधार देणारा फुग्याचा पंप तयार असतो का, रात्री आयसीयूत हृदयाचा अनुभव असलेला डॉक्टर हजर असतो का. उत्तरं समाधानकारक असतील तर घराजवळ केलेलं बरं. ऑपरेशननंतर पहिले तीन महिने तपासण्यांना सारखं जावं लागतं. आईला डबा घेऊन येता यावं, हेही काही कमी नाही.

पैशांसाठी जमीन गहाण टाकायचा विचार कुणी करत असेल तर थांबवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी भेटा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी खाटा राखून ठेवायच्या असतात, तेही विचारा.

बायपास झालीच तर काय अपेक्षा ठेवायची, ते आधी माहीत असू दे. कमजोर हृदयाच्या माणसाचे आयसीयूतले दिवस इतरांपेक्षा जास्त लागू शकतात, त्यानं घाबरून जाऊ नका. छातीच्या आतल्या बाजूची धमनी जोडली तर ती दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत चालू असते. पायातली शीर तेवढी टिकत नाही. म्हणून निदान हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या नसेला छातीची धमनी लावणार ना, ते विचारा. पायाची शीर काढलेली जागा महिनाभर सुजते, ठणकते. ठोके अनियमित होणं या काळात बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकदा ते औषधानं ताळ्यावर येतं. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर वैरणीचा भारा नाही, धारा काढणं नाही, मोटरसायकल नाही. म्हशींचं कोण करणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरवा, नाहीतर आबा पंधराव्या दिवशी गोठ्यात दिसतील. काही जण नंतर उदास होतात, चिडचिड करतात, झोप उडते. तेही डॉक्टरांना सांगायचं असतं.

तीन महिन्यांनी इको पुन्हा होईल. औषधं पूर्ण डोसात असूनही पंपिंग ३५ च्या वर गेलं नाही, तर अचानक ठोके बिघडून जीव जाऊ नये म्हणून छातीत शॉक देणारं छोटं यंत्र बसवायचा विषय निघेल. तेव्हा 'अजून काय राहिलंय' असं वाटेल. ते याच उपचाराचा भाग आहे.

पुढच्या आठवड्यात जाताना आबा आणि आई दोघांना सोबत न्या. अँजिओग्राफीची सीडी, इकोचा मूळ रिपोर्ट, क्रिएटिनिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी), चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि वजनाची वही, सगळं एका पिशवीत. दोन्ही डॉक्टरांची मतं वेगळी आहेत हे दोघांनाही सांगा आणि त्यांनी एकमेकांशी फोनवर बोलावं अशी विनंती करा. ते बोलतील. आबांचं क्रिएटिनिन आणि डाव्या मुख्य नसेबद्दल रिपोर्टात काय लिहिलंय, एवढं मला कळवलंत तर त्यावर काय वाटतं तेही मी तुम्हाला लगेच लिहीन.